नऊपट झालेला शेअर आणि दीड वर्षावर आलेली फी

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी ५१ वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. निवृत्तिवेतन नाही. २०२० साली टाळेबंदीच्या काळात बाजार पडलेला असताना मी पाच वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांचे शेअर प्रत्येकी १ लाख २० हजार रुपयांना घेतले. त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक्स बनवणाऱ्या एका कंपनीचे शेअर आज १० लाख ८० हजारांचे झाले आहेत. घेतले तेव्हा तिचे पी/ई गुणोत्तर २५ होते, आता ७५ आहे. एका रसायन कंपनीचे शेअर मात्र ८४ हजारांवर आले आहेत. उरलेल्या तिघांचे मिळून ५ लाख ८८ हजार होतात. मुलगी अकरावीत आहे. दीड वर्षाने ती अभियांत्रिकीला जाईल, त्यासाठी ८ लाख लागतील असा अंदाज असून ४ लाखांची मुदत ठेव तयार आहे. मेहुणे म्हणतात, मुद्दल काढून घ्या आणि बाकीचे पळू द्या. पत्नी म्हणते, सगळेच विकून मोकळे व्हा. भाचा म्हणतो, ठेव मोडून संरक्षण क्षेत्रातील एक शेअर घ्या, त्याचे पी/ई ६० आहे. रसायन कंपनीचे शेअर पडलेल्या भावात आणखी घेऊन खरेदीभावाची सरासरी खाली आणावी, असे मला स्वतःला वाटते. काटोलजवळ आमची चार एकर संत्र्याची बाग आहे, ती धाकटा भाऊ पाहतो. मी काय करावे?

– एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात पाचही कंपन्यांची नावे दिली होती, ती मी मुद्दाम छापलेली नाहीत. अमुक शेअर घ्या किंवा विका हे सांगण्याचा अधिकार सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, नोंदणी केलेल्या सल्लागाराचा आहे, आणि त्यानेही तो तुमचा सगळा संसार समजून घेतल्यावरच वापरावा. मात्र तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला नावांची फारशी गरजही नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच ते बरेचसे दडलेले आहे.

सुरुवात नऊपट झालेल्या शेअरपासून करू. हे नऊपट कशातून आले, ते पाहा. पी/ई गुणोत्तर म्हणजे कंपनीच्या एका शेअरमागच्या वार्षिक नफ्याच्या किती पट भाव बाजार द्यायला तयार आहे, तो आकडा. तो २५ वरून ७५ झाला, म्हणजे तिप्पट झाला. भाव नऊपट झाला असेल, तर नफाही तिप्पटच झालेला असणार, कारण तीन त्रिक नऊ. पाच वर्षांत नफा तिप्पट करणे म्हणजे दरसाल सुमारे २५ टक्क्यांची वाढ, आणि ती कंपनीने कारखाने उभारून, माल विकून कमावलेली आहे. दुसरे तिप्पट मात्र कंपनीने कमावलेले नाही. ते बाजाराच्या मनःस्थितीने दिलेले आहे, आणि बाजार जे देतो ते कंपनीची काहीही चूक नसताना परतही घेतो. उद्या नफा जिथे आहे तिथेच राहिला आणि गुणोत्तर पुन्हा २५ वर आले, तर तुमचे १० लाख ८० हजार ३ लाख ६० हजार होतील. इतके वाईट घडेलच असे मी म्हणत नाही. पण जरा चांगले चित्र धरले, म्हणजे येत्या चार वर्षांत नफा दुप्पट झाला, जी दरसाल १९ टक्क्यांची उत्तम वाढ आहे, आणि गुणोत्तर निम्म्यावर, साडेसदतीसवर आले, तरी चार वर्षांनंतर भाव आज आहे तिथेच असेल. कंपनी धावत राहील आणि तुमचे पैसे जागेवर उभे राहतील.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. इन्फोसिससारख्या नामांकित कंपनीचा निव्वळ नफा १९९९-२००० मध्ये ३०० कोटी रुपयांच्या आत होता आणि २००३-०४ मध्ये तो बाराशे कोटींच्या घरात गेला. चार वर्षांत नफा चौपट झाला, तरीही मार्च २००० च्या शिखरावर ज्यांनी तो शेअर घेतला होता, त्यांना मार्च २००४ मध्ये निम्म्याहूनही कमी भाव दिसत होता. कंपनी उत्तम होती, कारभार स्वच्छ होता, वाढ खरी होती. दोष होता तो फक्त घेतलेल्या भावात. त्याच कंपनीचे शेअर १९९३ च्या प्रारंभिक विक्रीत (आयपीओत) ९५ रुपयांना घेऊन जे थांबले, त्यांना त्या पडझडीनंतरही पश्चात्ताप करावा लागला नाही. तेव्हा ‘चांगली कंपनी कधीच विकू नये’ आणि ‘नफा दिसला की विकावे’ ही दोन्ही वाक्ये ऐकायला सोपी असली, तरी तुमच्या उपयोगाची नाहीत.

म्हणूनच तुमच्या पत्नीचे म्हणणे मी पूर्ण मान्य करत नाही, जरी त्यांची काळजी अगदी रास्त आहे. ग्रोथ शेअरच्या, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या कंपन्यांच्या शेअरच्या, व्यवहारात पाचपैकी एखादीच कंपनी नऊपट होते, आणि बाकीच्यांचे फिके निकाल तीच भरून काढते. तुमच्याकडे ६ लाखांचे १७ लाख ५२ हजार झाले आहेत. ती एक कंपनी वगळली तर उरलेल्या चौघींच्या ४ लाख ८० हजारांचे केवळ ६ लाख ७२ हजार झाले आहेत. ती दुप्पट झाल्यावर तुम्ही विकून मोकळे झाला असता, तर आज हे पत्र लिहायचे कारणच उरले नसते. जिचा धंदा अजून वाढतो आहे, अशी कंपनी भाव वाढला एवढ्यासाठी मुळापासून उपटू नये.

पण ती थोडी कमी केली पाहिजे, आणि त्याचे कारण कंपनीत नसून तुमच्या घरात आहे. तुमच्या एकूण शेअरपैकी जवळजवळ ६२ टक्के रक्कम आज एकाच कंपनीत आहे. तुम्ही ती तिथे ठेवली नाही, ती वाढत जाऊन तशी झाली, हे खरे. परंतु धोका कसा आला यावरून तो कमी होत नाही. मी अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: ही रक्कम सहा महिन्यांत निम्मी झाली, तर घरातले कोणते ठरलेले काम अडेल? तुमच्या बाबतीत उत्तर समोर आहे. मुलीच्या शिक्षणासाठी ४ लाख कमी पडतात, आणि ते या शेअरमधूनच यायचे आहेत. ज्या पैशांची गरज तीन वर्षांच्या आत आहे, ते पैसे शेअर बाजारात असू नयेत, मग ती कंपनी कितीही चांगली असो.

हे मी इतके ठामपणे लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. २००७ मध्ये घेतलेला पायाभूत सुविधा क्षेत्रातील एक शेअर माझ्याकडे वर्षभरात तिप्पट झाला होता. त्यातून २००८ च्या दिवाळीत फ्लॅटची पहिली रक्कम भरायची, असे घरात ठरले होते. २२ जानेवारी २००८ ला सकाळी मी सीताबर्डीवर आमच्या सब-ब्रोकरच्या कार्यालयात उभा होतो. बाजार उघडताच सेन्सेक्स दहा टक्क्यांहून अधिक कोसळला आणि तासाभरासाठी व्यवहार बंद करण्यात आले. एरवी गजबजलेली ती खोली अगदी शांत झाली होती. पडद्यावरचे आकडे हलत नव्हते आणि कोणी जागचे उठतही नव्हते. मी खिशातली छोटी वही काढली. तीत दोनच रकाने होते: घेतल्याची तारीख आणि घेतल्याचा भाव. का घेतला, किती दिवसांसाठी घेतला, त्यातला किती भाग फ्लॅटचा, यातले एक अक्षरही नव्हते. त्यामुळे आता विकावे की थांबावे हे ठरवायला माझ्याकडे भावाखेरीज काही आधारच नव्हता, आणि भाव तर बंद पडलेला. मी थांबलो. दिवाळीपर्यंत तो शेअर माझ्या खरेदीच्याही खाली गेला होता आणि फ्लॅट तीन वर्षे पुढे गेला. तेव्हापासून माझ्या वहीत तिसरा रकाना आहे, आणि तो सर्वांत रुंद आहे.

आता किती विकावे, ते पाहू. माझ्या मते तुम्ही ४ लाखांचे शेअर विकावेत, पण एकाच वेळी नव्हे. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या शेअरवरील नफ्यापैकी एका आर्थिक वर्षात सव्वा लाख रुपये करमुक्त असतात, आणि त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर व त्यावर ४ टक्के उपकर लागतो. तुमच्या विक्रीतील दर नऊ रुपयांत आठ रुपये नफाच आहे. सगळे ४ लाख एकाच वर्षात विकले, तर सुमारे ३० हजार रुपये कर होईल. २ लाखांचे ३१ मार्चपूर्वी आणि २ लाखांचे १ एप्रिलनंतर विकले, तर दोन वर्षांचा मिळून सुमारे १३ हजार ७०० रुपये होईल, अर्थात तुमचा दुसरा भांडवली नफा नाही असे धरून. आज जानेवारी महिना चालू आहे, त्यामुळे दोन्ही विक्रींमध्ये दोन-अडीच महिन्यांहून अधिक अंतर पडत नाही. मात्र कर वाचवण्यासाठी विक्री वर्षानुवर्षे पुढे ढकलू नका. पुढे ढकललेल्या शेअरचा भाव बारा टक्के पडला, तरी वाचवलेल्या कराहून जास्त रक्कम जाते.

एवढे करूनही त्या कंपनीचा हिस्सा निम्माच राहील. मला तो आणखी कमी झालेला आवडेल, पण घाईने नव्हे. या दोन वर्षांपुढच्या प्रत्येक आर्थिक वर्षात करमुक्त मर्यादेत बसेल इतकी, म्हणजे आजच्या भावाने साधारण १ लाख ४० हजारांची विक्री करून ती रक्कम निफ्टी ५० निर्देशांकाच्या, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणाऱ्या, फंडात वळवावी. निवृत्तिवेतन नसलेल्या माणसाचे म्हातारपण एका कारखान्याच्या तिमाही निकालांवर अवलंबून असू नये.

तुमच्या मेहुण्यांचा ‘मुद्दल काढून घ्या’ हा सल्ला नागपुरात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, आणि तो चुकीच्या कारणासाठी दिला जातो. मुद्दल काढल्यावर उरलेले शेअर ‘फुकटचे’ होतात, अशी समजूत त्यामागे आहे. ते फुकटचे नसतात. १ लाख २० हजार काढल्यानंतर उरलेले ९ लाख ६० हजार हे तुमचेच, कष्टाने थांबून मिळवलेले पैसे आहेत, आणि ते बुडाले तर तितकेच बुडतील. फुकटचे म्हटले की माणूस त्यांच्याकडे पाहणे सोडतो. शिवाय १ लाख २० हजारांनी मुलीची फी भागत नाही. किती विकायचे हे आपण किती घातले होते यावर ठरत नाही. ते आपल्याला किती लागणार आहे यावर ठरते.

जे शेअर उरतील, ते धरून ठेवायचे म्हणजे विसरून जायचे नव्हे. तुमच्या काटोलच्या बागेत तोडणीनंतर तुमचे बंधू काय करतात, ते तुम्ही लहानपणापासून पाहिलेले असेल. वाळलेल्या फांद्यांची सल काढतात, आणि पानसोटही काढतात. सल कुणालाही ओळखता येते. पानसोट ओळखायला सवय लागते, कारण तो झाडावरचा सर्वांत हिरवा, सर्वांत सरळ आणि सर्वांत वेगाने वाढणारा फुटवा असतो. त्याला फळ मात्र धरत नाही आणि तो झाडाचे अन्न खात राहतो. वाढीच्या कंपन्यांतही असे पानसोट असतात. विक्री दरसाल तीस टक्के वाढते, नफाही वाढलेला दिसतो, पण गिऱ्हाइकांकडून येणे असलेली रक्कम त्याहून वेगाने फुगते आणि हातात रोकड येत नाही. म्हणून वार्षिक अहवालातील रोख प्रवाहाचे पान उघडा, मागच्या पाच वर्षांत मूळ धंद्यातून आलेल्या रोकडीची बेरीज करा, आणि ती त्याच पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याच्या बेरजेशेजारी मांडा. नवा कारखाना उभारला जात असताना एखादे वर्ष रोकड तोकडी पडणे समजण्यासारखे आहे. पाच वर्षांची बेरीजच नफ्याच्या निम्म्याखाली असेल, तर ती वाढ पानसोटाची आहे असे समजून अधिक चौकशी करावी. इलेक्ट्रॉनिक्स जुळणीच्या धंद्यात नफ्याचे प्रमाण मुळातच कमी असते, तिथे ही तपासणी फार मोलाची ठरते.

याखेरीज वर्षातून चार वेळा तासभर द्यावा. तिमाही निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत (वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचे ६० दिवसांत) आणि भागधारकांची विभागणी, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत तो तपशील, २१ दिवसांत शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येते. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, आपले किती शेअर गहाण ठेवले आहेत आणि त्यांचा हिस्सा घटत चालला आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. हिशेब तपासनीसाने मुदतीपूर्वी राजीनामा दिला असेल, तर भाव काय आहे हे न पाहता विकण्याचा विचार करावा. एखादी तिमाही मंद गेली म्हणून मात्र विकू नये. सलग तीन-चार तिमाह्या वाढ खाली येत असेल आणि व्यवस्थापन दर वेळी नवे कारण देत असेल, तर तुम्ही ज्या कारणासाठी ती घेतली ते कारण संपत आले आहे, आणि ७५ पटीचा भाव अशा बातमीला फार कठोरपणे वागवतो.

रसायन कंपनीबाबत तुमचा सरासरी खाली आणण्याचा विचार मला पटत नाही, निदान आज तरी. तुम्ही पत्रात ‘भाव बराच पडला आहे’ हे एकच कारण दिले आहे. भाव का पडला, यावर तुमचे एकही वाक्य नाही. चिनी मालाच्या स्वस्ताईमुळे सगळ्याच उद्योगाचे नफ्याचे प्रमाण तात्पुरते घटले असेल, कंपनीवर कर्ज फारसे नसेल आणि ती अजून रोकड मिळवत असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. विस्तारासाठी काढलेले कर्ज डोईजड झाले असेल किंवा मोठे गिऱ्हाईक तुटले असेल, तर अर्थ नाही. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होता. तो २०० वर आला तेव्हा ‘निम्म्या भावात मिळतो आहे’ म्हणून घेणारे होते, १०० वर आला तेव्हाही होते आणि ५० वरही होते. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून केंद्र सरकारने त्या बँकेवर निर्बंध घातले, तोवर त्यांची सरासरी प्रत्येक वेळी खाली आली होती आणि गुंतवलेली रक्कम प्रत्येक वेळी वाढली होती.

स्वतःला असे विचारा: आज तुमच्याकडे हा शेअर नसता आणि हातात ८४ हजार रोख असते, तर तुम्ही याच कंपनीत ते घातले असते का? उत्तर ‘नाही’ असेल, तर मार्चपूर्वी विकून टाका. ३६ हजारांचा तो दीर्घकालीन तोटा इलेक्ट्रॉनिक्सच्या नफ्यातून वजा होईल आणि करात साडेचार हजारांहून थोडी अधिक बचत होईल. ‘माझा भाव आला की विकेन’ असे मात्र म्हणू नका. तुम्ही कोणत्या भावाने घेतला, हे बाजाराला ठाऊक नाही.

राहिला भाच्याचा शेअर. अंबाझरीच्या आयुध निर्माणीमुळे आणि बाजारगावच्या कारखान्यांमुळे संरक्षण उत्पादन हा विषय आपल्या शहराला घरचा वाटतो, आणि त्या जवळिकीमुळेच तिथला भाव तपासायचा राहून जातो. या क्षेत्रात हातातल्या ऑर्डरींचा आकडा मोठा दिसतो, पण गिऱ्हाईक मुख्यतः एकच, म्हणजे सरकार. माल तयार होऊन, चाचण्या पार पडून, सुपूर्द झाल्यावर पैसे येतात आणि त्यात वर्षे जातात. ६० पट भावाने घेऊन तुम्हाला पाच वर्षे दरसाल १५ टक्के परतावा हवा असेल, तर भाव दुप्पट व्हायला हवा. तोपर्यंत गुणोत्तर ३० वर आले, तर नफा चौपट व्हायला हवा, म्हणजे सलग पाच वर्षे दरसाल ३२ टक्क्यांची वाढ. ही कंपनी ती करू शकेल असे भाच्याला वाटत असेल, तर त्याने ते कशाच्या आधारे वाटते हे एका पानावर लिहून दाखवावे. त्याच्यावर रागावू नका. तो तुमच्या भल्यासाठीच सांगतो आहे. पण मुलीची ठेव मोडून शेअर घेणे हा कोणत्याही भावाला चुकीचाच निर्णय आहे, आणि यावर मला दुसरे मत ऐकायचीही इच्छा नाही. घ्यायचाच असेल तर पगारातून, सहा-आठ महिन्यांत विभागून, प्रत्येक तिमाही निकाल वाचून, आणि एकूण शेअरच्या पाच टक्क्यांच्या आत घ्यावा.

हे सगळे ठरवताना पत्नीला शेजारी बसवा. तुमच्या पत्रात त्यांचे मत एका ओळीत आटोपलेले आहे, आणि सगळे विकायला त्या का सांगतात, हे तुम्ही त्यांना विचारलेले दिसत नाही. बहुधा फीचीच चिंता असावी. पहिली विक्री झाली की पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे येतात. ते ट्रेडिंग खात्यात पडू न देता लगेच बँकेत घ्या, आणि अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या महिन्यात मुदत पूर्ण होईल अशा बेताने मुलीच्या फीसाठी दुसरी ठेव करा.